नकाशामागचा नकाशा

गावाचा नकाशा हा एकट्याने उभा राहणारा कागद नव्हे, ही गोष्ट भूमापनाशी परिचय नसलेल्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. चावडीतल्या त्या एका पत्रकामागे शेकडो लहान रेखाटने असतात आणि मोठ्या नकाशातील रेघेचा वाद उद्भवला, तर निवाडा त्या रेखाटनांवरून होतो. आजचे वास्तुविशारद संगणकावरील आरेखनात ज्याला 'एक्सटर्नल रेफरन्स' किंवा थोडक्यात 'एक्सरेफ' म्हणतात, ती व्यवस्था याच जातीची होय. ऑटोकॅडमध्ये ती 1990 साली, अकराव्या आवृत्तीत आली. आपल्या बेळगाव-निपाणी भागात तिचे कागदी रूप त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे नांदत होते.

मुंबई इलाख्यात प्रिंगल यांची पहिली पाहणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 साली इंदापुरात नव्याने काम आरंभले. 1847 च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीचे नियम ठरवून दिले. साखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, अर्थात 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. प्रत्येक सर्व्हे नंबरची मोजणी टिपणात नोंदली जाई. टिपणातली आकृती हाताने काढलेली, प्रमाणात नसलेली असे. पण तिच्यावरचे आकडे खरे. त्या आकड्यांवरून गावनकाशा रेखला जाई. म्हणजे डोळ्यांना सुबक दिसतो तो नकाशा, आणि खरे बोलते ते टिपण.

संगणकावरील आरेखनातही हेच घडते. इमारतीच्या मुख्य आरेखनात जागेचा मोजणी नकाशा उतरवून घेत नाहीत. त्या फाइलीचे नाव, तिचा पत्ता आणि ती कोठे बसवायची तो बिंदू एवढेच नोंदवून ठेवतात. मुख्य आरेखन उघडले की संगणक मूळ फाइल नव्याने वाचतो. त्यामुळे मोजणीदाराने केलेली दुरुस्ती सर्वांना आपोआप मिळते. मात्र मूळ फाइलीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या कप्प्यात गेली, तर नकाशाच्या जागी केवळ तिचा हरवलेला पत्ता दिसतो. यावर 'बाइंड' नावाचा उपाय आहे. त्याने मूळ आरेखन मुख्य फाइलीत कायमचे मिसळून जाते. फाइल स्वयंपूर्ण होते खरी, परंतु पुढे मुळात झालेली कोणतीही दुरुस्ती तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

मुंबई इलाख्यात 1903 साली हक्कनोंदीचा कायदा झाला आणि पुढे पोटहिश्श्यांची मोजणी सुरू झाली. भावाभावांत वाटणी झाली म्हणून सारा गावनकाशा पुन्हा काढला जात नसे. मूळ नंबराच्या टिपणाखाली हिस्सा टिपण जोडले जाई. नकाशाला टिपणाचा आधार आणि त्या टिपणाखाली आणखी एक, अशी ही उतरंड. तिच्यातले मधले मडके निसटले की वरची सारी डळमळतात.

1 नोव्हेंबर 1956 रोजी ही उतरंड दोन घरांत वाटली गेली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला; त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. एका जिल्ह्यातल्या शेजारी गावांची शीव त्या दिवशी दोन राज्यांची सीमा झाली. बांध तोच, पण त्याच्या दोन बाजूंचे कागद दोन सरकारांच्या ताब्यात. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला. त्यातली निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारसही अमलात आली नाही. खेडे हा घटक धरावा, हा महाराष्ट्राचा आग्रह आपण भाषेच्या अंगाने ओळखतो. भूमापनाच्या अंगाने पाहता, गावाची शीव हीच राज्याची सीमा ठरावी, असा त्याचा अर्थ होता.

तरीही व्यवस्था मोडली नाही, याचे एक कारण जुने आहे. म्हैसूर संस्थानाने 1863 पासून मुंबईचीच भूमापन पद्धत स्वीकारली होती. म्हणून टिपण, आकारबंद, हिस्सा हे शब्द कर्नाटकातही कायम राहिले. भाषेचा वाद धगधगत असतानाही मोजणीची भाषा दोन्हीकडे एकच होती.

एक फरक मात्र पुढे पडला. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले, कर्नाटकाच्या पहाणीपत्रकावर एकर-गुंठेच राहिले. आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा सुमारे 101.17. दोन्ही सारखेच समजून चालले, तर एकरामागे जवळजवळ 47 चौरस मीटर गळतात. शहरात तेवढ्यात लहानसे घर उभे राहते. संगणकावर दोन फाइली जोडतानाही हीच तपासणी प्रथम करावी लागते. एक इंचात आणि दुसरी मिलिमीटरमध्ये असेल, तर आकार 25.4 पटींनी चुकतो.

या शतकाच्या आरंभी कर्नाटकाने 'भूमी' योजनेत सुमारे 2 कोटी पहाणीपत्रके संगणकावर घेतली. काम मोठे होते. पण संगणकावर आली ती अक्षरे व आकडे, टिपणातली आकृती नव्हे. कोणाची जमीन किती, हे क्षणात कळू लागले; ती नेमकी कोठे, यासाठी मोजणीच्या दप्तराकडेच जावे लागे. पुढे नंबराचा भाग विकण्यासाठी 11-ई नकाशा आवश्यक झाला, तेव्हा अक्षर आणि आकृती यांची गाठ पुन्हा बसू लागली.

आपल्या जुन्या घराण्यांत वाड्यांच्या व शेतांच्या वाटण्या आता संगणकावरील आरेखनांवरून होतात आणि वाटेकरी पुण्यात, बंगळुरात, परदेशात विखुरलेले असतात. त्यांना केवळ मुख्य फाइल धाडणे म्हणजे टिपणाविना गावनकाशा धाडणे होय. सर्व संदर्भफाइली एकाच कप्प्यात ठेवाव्यात, त्यांचे पत्ते त्या कप्प्याच्या सापेक्ष द्यावेत आणि कप्पा संपूर्ण पाठवावा. प्रत्येक फाइलीवर मोजणीची तारीख व परिमाण लिहावे. सह्या झालेल्या वाटणीची 'बाइंड' केलेली एक प्रत वेगळी राखावी, कारण सही ज्या रेघेवर झाली ती नंतर आपोआप हलता कामा नये. आणि घरात मोडीतले जुने टिपण वा त्याची नक्कल असेल, तर ते वाचणारे डोळे उपलब्ध आहेत तोवर त्याचे देवनागरीत लिप्यंतर करून मूळ कागदासोबत ठेवावे. पुढच्या पिढीच्या हाती कागद राहील, पण तो न वाचता आला तर संदर्भ तुटलाच म्हणायचा.