मोटारसायकलचे इंडिकेटर व पार्किंग दिवे : वायरिंगमधील फेरबदल

मोटारसायकलच्या मूळ वायरिंगमध्ये बल्बच्या जागी एलईडी बसवणे, पुढच्या इंडिकेटरला कायम जळणाऱ्या दिव्याचे काम देणे, मागचे मडगार्ड छाटून दिवे हलवणे, चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतील अशी जोडणी करणे इत्यादी कामे या नोंदीत येतात. वरवर हा दिव्यांचा बदल दिसतो. प्रत्यक्षात बदलतो तो सर्किटवरचा भार, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात.

पूर्वपीठिका : मोटारींत लुकलुकणारे इंडिकेटर १९३९ च्या सुमारास अमेरिकेत ब्यूइक कंपनीने रूढ केले. दुचाकींवर ते नंतर आले. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळता राहतो. तेव्हापासून ‘डीआरएल’ (दिवसा जळत्या ठेवायच्या दिव्यांच्या) पट्ट्यांची हौस सुरक्षेपेक्षा शोभेकडे अधिक झुकली, असे म्हणण्यास हरकत नाही.

फ्लॅशर : लहान मोटारसायकलींत इंडिकेटरचा बल्ब बहुधा १२ व्होल्ट, १० वॉटचा असतो. एका बाजूचे दोन बल्ब मिळून सुमारे १.७ अँपिअर प्रवाह घेतात आणि जुना फ्लॅशर, म्हणजे प्रवाह तोडून-जोडून दिवा लुकलुकवणारा घटक, याच प्रवाहावर बेतलेला असतो. एक-दीड वॉटचे एलईडी लावले की प्रवाह दशांशावर येतो. मग पट्टी तापून उघडझाप करणारा फ्लॅशर लुकलुकतच नाही. बल्ब उडाल्याची दखल घेणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर दुपटीने धावतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ प्रमाणे इंडिकेटर पिवळसर रंगाचा हवा व मिनिटाला ६० पेक्षा कमी किंवा १२० पेक्षा जास्त वेळा लुकलुकता कामा नये. त्यामुळे दुपटीने धावणारा फ्लॅशर केवळ कानाला खटकणारा राहत नाही. उपाय दोन. भारावर न चालणारा एलईडीचा फ्लॅशर बसवणे हा सरळ उपाय. मात्र त्याला बहुधा तिसरी, अर्थची पिन असते आणि मूळ कपलर दोन पिनांचा असतो. दुसरा उपाय प्रत्येक एलईडीला समांतर सुमारे १५ ओहमचा रेझिस्टर जोडण्याचा. तो दहा-बारा वॉट उष्णता टाकतो, म्हणून प्लॅस्टिकला टेकवून टेपने बांधणे अयोग्य. शिवाय विजेची बचत होते ती एलईडीत आणि जाते ती रेझिस्टरात.

पायलट दिव्याचा उलट प्रवाह : ‘डावा दाबला तरी चारही पेटतात’ ही तक्रार फ्लॅशर बदलूनही जात नाही, गिऱ्हाइकाला दोन-दोन फ्लॅशर विकले जातात ते इथेच. ज्या गाडीच्या मीटरमध्ये इंडिकेटर चालू असल्याचे दाखवणारा, दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट बल्ब असतो, तिथे त्याचे एक टोक डाव्या व दुसरे उजव्या वायरला जोडलेले असते. डावा इंडिकेटर लावला की प्रवाह पायलटमधून उजव्या बल्बांच्या तारेतून अर्थला जातो. पायलट पेटतो, उजव्या दहा वॉटच्या बल्बांना एवढासा प्रवाह जाणवतही नाही. एलईडीला मात्र तेवढा पुरतो. यावर १ एन ४००७ जातीचे दोन डायोड पुरतात : एकाचे टोक डाव्या वायरला, दुसऱ्याचे उजव्या वायरला, डायोडवरच्या पट्टीकडची दोन्ही टोके एकत्र करून पायलटच्या एका बाजूला, पायलटची दुसरी बाजू सुटी करून थेट अर्थला. पट्टी उलट बसली तर पायलट अजिबात पेटत नाही. होंडाच्या व हीरो-होंडा परंपरेतील गाड्यांत डावी वायर नारिंगी, उजवी फिकट निळी, फ्लॅशरकडून स्विचकडे जाणारी करडी व अर्थ हिरवी असते. यामाहात डावी चॉकलेटी, उजवी गडद हिरवी व अर्थ काळी. तरीही आधी एकदा हात लागलेल्या गाडीत रंगावर न विसंबता टेस्ट लॅम्प लावून पाहावे.

पार्किंग दिव्याची जोड : पुढच्या इंडिकेटरने कायम मंद जळावे यासाठी २१/५ वॉटचा दुहेरी तारेचा बल्ब व त्याचाच होल्डर लागतो. पाच वॉटची तार पार्किंगच्या वायरवर घ्यावी, थेट बॅटरीवर नव्हे. किकच्या जुन्या गाडीची बॅटरी अडीच अँपिअर-तासाची असते; पाच-पाच वॉटचे दोन दिवे ती तीन तासांत उतरवतात. एलईडीच्या दुरंगी पट्टीत इंडिकेटर चालू असताना पांढरा दिवा विझणे आवश्यक आहे, नाहीतर दिवसा लुकलुक दिसत नाही. पुढे लाल व मागे पांढरा दिवा दाखवण्यास नियम १०८ मनाई करतो.

जव्हार–मोखाडा : ओल्या हवेचे उदाहरण म्हणून पालघर जिल्ह्यातला हा भाग. त्र्यंबकेश्वर–मोखाडा–जव्हार–विक्रमगड–मनोर रस्ता घाटाचा; पावसाळ्यात मुसळधार सरी व धुके. या हवेत एलईडी सहसा टिकतो, जोड टिकत नाही. पिळून टेप गुंडाळलेल्या जोडात पाणी शिरते, तांबे हिरवे पडते आणि इंडिकेटर मंद होतो. दोष मात्र फ्लॅशरवर जातो. जोड सोल्डर करून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी, कपलरमध्ये व्हॅसलीन भरावे, वायरला होल्डरच्या खाली एक झोल ठेवावा म्हणजे पाणी तिथून ठिबकते. इंडिकेटरचा दांडा रंगवलेल्या पत्र्यावर असल्यास स्वतंत्र अर्थ वायर ओढावी. या भागात मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडून दुचाकीवर नेल्या जातात. मागे बांधलेल्या टोपलीआड टेललाइट व मागचे इंडिकेटर झाकले जातात. अशा गाडीला दिवे वाढवण्यापेक्षा आहेत तेच दोन्ही बाजूंना टोपलीबाहेर काढणे उपयोगाचे.

मडगार्ड छाटणे : नंबरप्लेटचा दिवा जातो. मागून १५ मीटरवरून क्रमांक वाचता यावा, अशी अपेक्षा आहे.

कायदेशीर स्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२ मूळ रचनेतील फेरबदलांवर मर्यादा घालते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ मधील निकालाने ती अधिक कडक केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) नुसार मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. केवळ बल्ब बदलणे यात मोडते का, यावर मतभेद आहेत.

हाताचे इशारे : कलम १२१ मध्ये इशाऱ्यांची तरतूद आहे, वळण्याचा वा थांबण्याचा इशारा हाताऐवजी यांत्रिक वा विद्युत साधनाने देता येतो.