किल्लारीच्या भूकंपानंतर

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून निजले, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे आठ हजार जीव गेले. आदल्याच वर्षी किल्लारीस लहान धक्के बसले होते. पण मराठवाडा भूकंपापासून निर्धास्त, अशीच जाणत्यांचीही समजूत होती.

इतकी माणसे भूकंपाने मारली की घरांनी, असा प्रश्न पडतो. तिकडच्या भिंती हात-दोन हात जाड. दोन्ही अंगांस दगड, मध्ये नुसती भर आणि सांधावयास चिखल. वर माळवद, आणि उन्हापावसासाठी वर्षानुवर्षे त्यावर चढविलेली माती. भिंत फुटताच ते सारे ओझे निजलेल्यांच्या अंगावर आले. कुडाच्या झोपडीतला गरीब मात्र पुष्कळ ठिकाणी वाचला!

मदतीस सारा देश धावला. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे बहुतेकींना ठाऊक असेल. त्याहून कमी ठाऊक आहे ती तडे गेलेल्या घरांची कथा. अशी घरे लाखांवर होती आणि ती ज्याची त्यानेच दुरुस्त करावयाची होती. सरकारी पैसा हप्त्याहप्त्याने मिळे. पण दगडाची धास्ती बसलेली, आणि नवी रीत सांगणार कोण?

येथे आपल्यासारखीच महिला मंडळे पुढे आली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. बायकांना बांधकामातले काय कळते, असे म्हणणारे कोठे नसतात? या मात्र माळवदावरची माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, कोपरे बांधून घ्या, असे घरोघर समजावीत हिंडल्या. ज्यांनी कधी सरकारी कचेरीचा उंबरा ओलांडला नव्हता, त्या अभियंत्यांशी बोलू लागल्या.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरला, तेव्हा यांच्यापैकी काही जणी तिकडे गेल्या. भाषा वेगळी, मुलूख परका. परंतु पडक्या घरासमोर बसलेल्या बाईशी काय बोलावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.