नवी ऑपरेटिंग सिस्टीम, जुनी अक्षरे : भारतीय लिप्यांच्या संगणकीय इतिहासातील एक प्रकरण

१. प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची तारीख ठळकपणे नोंदवली जाते. विंडोज ९५ बाजारात आली २४ ऑगस्ट १९९५ रोजी आणि विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी. मात्र ती बसवल्यावर दुसऱ्या दिवशी कार्यालयात, छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात काय घडले, याची नोंद क्वचितच सापडते. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘आता भारतीय भाषांची सोय’ असे एक वाक्य असते. वापरणाऱ्याला मात्र पहिल्या दिवशी दिसतात त्या चौकोनी चौकटी, जागा सोडून बसलेल्या वेलांट्या आणि न उघडणाऱ्या जुन्या फायली.

या पाठात आपण १९८८ ते २०१४ या काळातील काही बदल पाहणार आहोत. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की जुन्या मजकुराचे काय होते, आणि काही मजकूर टिकतो, काही टिकत नाही, असे का, हे आपले दोन प्रश्न आहेत. उदाहरणे मुख्यतः मराठी व कन्नड भाषांतील, म्हणजे पुणे, बेळगाव आणि बंगळूर या पट्ट्यातील आहेत.

२. डॉसचा काळ : लिपी कार्डात

आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे, आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढे हे काम तेथे वाढले. जिस्टचे कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसवले की डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी किंवा कन्नड अक्षरे उमटत. अक्षरजुळणीचे काम कार्ड करी आणि डॉसला त्याचा पत्ताही नसे.

या तंत्रामागे ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला आयएस १३१९४ या क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली. देवनागरीतील ‘क’ आणि कन्नड लिपीतील ‘क’ यांना एकच संकेत, हे तिचे वैशिष्ट्य. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला समान आहे, या जाणिवेवर ती उभी होती.

पुढे विंडोज आली आणि पडद्यावरचे प्रत्येक अक्षर फॉन्टमधून चित्रासारखे रेखाटले जाऊ लागले. अक्षरे उमटवण्याचे काम कार्डाकडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेले. त्यामुळे कार्ड मागे पडले आणि त्याबरोबर इस्कीचा धागाही अनेक ठिकाणी तुटला.

३. फॉन्टचा काळ : दिसते एक, साठते दुसरे

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले. त्या विंडोजला देवनागरी येत नव्हती, तेव्हा सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी एक तोड काढली. रोमन अक्षराच्या संकेतावर देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये रोमन ‘डी’च्या जागी ‘क’, ‘ई’च्या जागी ‘म’ आणि ‘वाय’च्या जागी ‘ल’ आहे. कागदावर ‘कमल’ छापून येते, पण संगणकाच्या लेखी तो ‘डी-ई-वाय’ असा निरर्थक रोमन शब्द असतो.

याच काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगळूरच्या सायबरस्केप मल्टिमीडियाची ‘आकृती’ आणि सी-डॅकची सॉफ्टवेअर छापखान्यांत रुळली. १९९८ मध्ये शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी कन्नडसाठी ‘बरह’ तयार केले आणि पुढे त्यात देवनागरीही आली. कर्नाटकात कन्नड गणक परिषत्तूची ‘नुडी’ सरकारी कामात आली. या साधनांमुळेच मराठी व कन्नड छपाई खिळ्यांकडून संगणकाकडे वळली, हे विसरून चालणार नाही.

पण प्रत्येक कंपनीची फॉन्टमांडणी वेगळी होती. एका दुकानातील फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की रोमन अक्षरांचा ढीग दिसे. संगणक बदलला आणि फॉन्ट सोबत नेला नाही, तरी तीच गत. मजकुराचे प्राण फॉन्टमध्ये होते.

४. विंडोज २००० आणि एक्सपी : पहिले अनुभव

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. फरक इतकाच की युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. विंडोजमध्ये ही सोय प्रथम आली ती विंडोज २००० मध्ये, देवनागरी आणि तमिळसाठी. तिच्यातील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवला. कन्नडसाठी ‘तुंगा’ फॉन्ट आला तो एक्सपीमध्ये. म्हणजे बेळगावातील ज्या कार्यालयाला एकाच यंत्रावर मराठी आणि कन्नड दोन्ही युनिकोडमध्ये हवे होते, त्याला विंडोज २००० पुरेशी नव्हती.

नवी सिस्टीम बसवल्यावर वापरणाऱ्यांपुढे तीन अडचणी येत.

पहिली अडचण सेटिंगची. एक्सपीमध्ये जोडाक्षरांची जुळणी आपोआप सुरू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांचा पर्याय निवडावा लागे आणि बहुधा मूळ सीडीही घालावी लागे. तोवर ‘विद्यार्थी’ या शब्दाची वेलांटी ‘व’च्या उजवीकडे बसे आणि जोडाक्षरांत हलन्त सुटा दिसे. ‘संगणकाला मराठी येत नाही’ असे ज्यांना वाटले, त्यांतील अनेकांचा प्रश्न एका न टिकवलेल्या पर्यायाचा होता. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ही जुळणी सुरुवातीपासूनच चालू आली.

दुसरी अडचण हाताच्या सवयीची. टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर उमटवतात, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे : आधी ‘क’, मग ऱ्हस्व इकार. रफारही तसाच. ‘वर्षा’ लिहिताना ‘र’ आधी येतो आणि ‘ष’ नंतर. वर्षानुवर्षे टंकलेखन केलेल्या व्यक्तीने सवयीने आधी वेलांटी दाबली की पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. नव्या यंत्रावर वेग कमी झाला, तो कौशल्य नव्हते म्हणून नव्हे, तर क्रमच उलटला होता म्हणून.

तिसरी आणि सर्वांत महाग अडचण जुन्या फायलींची. त्या युनिकोडमध्ये आणायच्या तर परिवर्तक प्रोग्राम हवा आणि प्रत्येक फॉन्टमांडणीसाठी तो वेगळा. त्याला केवळ अक्षरे बदलून भागत नाही, वेलांटी आणि रफार यांच्या जागाही हलवाव्या लागतात. एखादा फॉन्ट अपरिचित असेल तर शेकडो पाने पुन्हा टाइप करणे हाच मार्ग उरे. त्यामुळे अनेक ठिकाणी जुना संगणक कोपऱ्यात जपून ठेवला गेला. हा नव्याचा तिटकारा नव्हता, व्यवहारी हिशेब होता.

५. मराठीच्या खास गरजा

मराठीला हिंदीपेक्षा काही जास्तीच्या गोष्टी लागतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. फरक फक्त रफार आणि अर्ध्या ‘ऱ’चा आहे. हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना वेगळी मानू शकतो.

‘ॲ’चे उदाहरणही असेच. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीला हे अक्षर हवे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत किंवा ‘ऍ’ वापरत. नवे अक्षर जुन्या सिस्टीमवर उघडले की तेथे रिकामी चौकट दिसे. म्हणजे येथे सिस्टीम अद्ययावत न केल्याची किंमत होती.

६. रुपयाचे चिन्ह : जुनी तोड पुन्हा एकदा

१५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह स्वीकारले. ते लगेच वापरायचे होते, पण कोणत्याही सिस्टीमला ते माहीत नव्हते. मंगळूरच्या फोरेडियन कंपनीने काही दिवसांतच एक मोफत फॉन्ट दिला. त्यात कीबोर्डवरील उलट्या स्वल्पविरामासारख्या खुणेच्या जागी रुपयाचे चिन्ह होते. सोय झाली, पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर किमतीआधी केवळ ती खूण दिसे. १९९० च्या दशकातील देवनागरी फॉन्टची गोष्टच येथे लहान रूपात पुन्हा घडली.

ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० ने या चिन्हाला स्वतंत्र संकेतांक दिला. त्यानंतर विंडोज ७ साठी अद्यतन आले आणि हळूहळू चिन्ह सर्वत्र दिसू लागले.

७. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रवाह

बंगळूरमध्ये २००१ पासून ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद भरू लागली आणि २००५ पासून ती ‘फॉस डॉट इन’ या नावाने ओळखली गेली. ‘इंडलिनक्स’सारख्या गटांनी लिनक्समध्ये भारतीय भाषा आणण्याचे काम केले. ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. वापरणाऱ्याला चूक दिसली की ती नोंदवता येते आणि जाणकाराला ती दुरुस्तही करता येते, हा या प्रवाहाचा फायदा. पहिल्या दिवसाची तक्रार येथे विकासाचा भाग बनली.

८. निष्कर्ष

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची सुरक्षा-अद्यतने थांबली आणि टाळलेला बदल अनेकांना करावाच लागला. ज्यांचा मजकूर युनिकोडमध्ये होता, त्यांच्या फायली नव्या यंत्रावर जशाच्या तशा उघडल्या. एकदा दिलेला संकेतांक पुढे हलवायचा नाही, या युनिकोडच्या धोरणाचे हे फळ. ज्यांचा मजकूर एखाद्या विशिष्ट फॉन्टमध्ये, किंवा जुन्या पोर्टला लावायच्या डोंगलच्या कुलपात अडकलेला होता, त्यांना पुन्हा तोच प्रश्न भेडसावला.

यावरून दोन गोष्टी दिसतात. ‘सुधारित आवृत्ती’ सर्वांसाठी एकाच दिवशी सुधारणा ठरत नाही, हाती जुने लेखन जितके जास्त तितका बदल महाग. आणि मजकूर टिकतो तो यंत्र जपल्याने नव्हे, तर सर्वांनी मान्य केलेल्या संकेतामुळे. १९९० च्या दशकातील स्मरणिका, प्रबंध आणि दुकानांतील फायली यांतील किती लेखन आज वाचता येते, हा म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकांचाही प्रश्न आहे.

स्वाध्याय

१. इस्की आणि युनिकोड यांत भारतीय लिप्यांकडे पाहण्याच्या दृष्टीत कोणता फरक आहे?
२. ‘मजकुराचे प्राण फॉन्टमध्ये होते’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील जुन्या डीटीपी व्यावसायिकाची मुलाखत घ्या. संगणक बदलल्यावर आलेल्या पहिल्या अडचणी नोंदवा आणि त्या सेटिंगच्या, सवयीच्या की जुन्या फायलींच्या होत्या, हे ठरवा.