दानासोबत देखभाल

आज तंजावरहून बोलतोय.

माझी जुनी ब्रिटिश एम.जी. गाडी एका धर्मादाय संस्थेला द्यायचं मी ठरवलंय. किल्ली हातात ठेवली की झालं, असं वाटत होतं. इथलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं आणि विचार बदलला.

नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह दुसऱ्या सरफोजीराजांनी भरभरून वाढवला. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, तरी १८३२ मध्ये वारेपर्यंत त्यांचं ग्रंथ जमवणं थांबलं नाही. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून कंपनीने राज्य खालसा केलं. १९१८ मध्ये वारसांनी हे ग्रंथ सर्वांसाठी खुले करून दिले आणि सोबत देखभालीसाठी एक लाख रुपयेही दिले!

फौजेत आम्ही बंदूक हवाली करताना सफाईचं सामानही मोजून देतो. मी तेच विसरलो होतो. नुसती गाडी दिली, तर संस्थेच्या दारात हत्ती बांधल्यासारखं होईल. आता सुटे भाग आणि दोन वर्षांच्या दुरुस्तीचा खर्चही देणार आहे.

जय हिंद.