प्रतिवर्षीं नूतन पत्र : पुणें-मुंबईकडील जीवाणुविद्या व राजाश्रय

मावळांतील जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास इनामपत्रांचा सांचा लवकरच तोंडपाठ होतो. देणाऱ्याची पदवी, घेणाऱ्याचें नांव व जमिनीच्या चतुःसीमा झाल्यावर पत्राच्या अखेरीस मुलकी अधिकाऱ्यांस दोन आज्ञा येतात. पहिली, प्रतिवर्षीं नूतन पत्राचा आक्षेप न करणें. दुसरी, या पत्राची प्रति लिहून घेऊन मुख्य पत्र भोगवट्यास परतून देणें. फारसी वळणाच्या पत्रांत हींच कलमें ताज्या खुर्दखताचा उजूर न करणें, तालीक घेऊन असल परत देणें, अशा शब्दांनीं येतात. वाचक तीं बहुधा नुसता सांचा म्हणून ओलांडून जातो. मींही अनेक वर्षें तसेंच केलें. परंतु हीं कलमें लिहिणाऱ्यांस राजाश्रयाचें मर्म नेमकें ठाऊक होतें असें आतां वाटतें. देणगी किती मोठी, यापेक्षां ती किती काळ निर्वेध चालणार आणि तिचा लेख कोणाकडे राहणार, यावर तिचें फळ अवलंबून असतें.

ही कसोटी एका अगदीं निराळ्या विषयास लावून पाहावी असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो विषय म्हणजे सरकारनें जीवविद्येच्या संशोधनास दिलेला आश्रय. ज्यास हल्लीं जैवतंत्रज्ञान म्हणतात, त्याचें बीज आपल्या स्वयंपाकघरांत आहे. विरजण हा जीवंत पदार्थ आहे. तो रोज दुधांत घालून राखावा लागतो. चार दिवस खंड पडला कीं तो मरतो व शेजारच्या घरून नवीन आणावा लागतो. लस करणाऱ्या किंवा बुरशीपासून औषध काढणाऱ्या शाळेची स्थिति हीच आहे. तिची मुख्य दौलत म्हणजे कुप्यांतून राखलेलें जीवंत बीज व तें राखणारीं शिकलेलीं माणसें. पूल बांधतांना काम दोन वर्षें थांबलें तर दगड जागेवर राहतात. येथें तसें नाहीं. म्हणून नूतन पत्राचा आक्षेप या विद्येस इतर विद्यांपेक्षां अधिक मारक होतो.

पहिलें प्रकरण खुद्द पुण्याचें आहे. गुरांच्या बुळकांड्या रोगानें देशाची अपार हानि होत असे, म्हणून १८६९ सालच्या सुमारास सरकारनें हॅलन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ नेमलें व त्या मंडळानें १८७१ मध्यें आपलें निवेदन दिलें. त्यानंतर जवळ जवळ अठरा वर्षें लोटल्यावर, ९ डिसेंबर १८८९ रोजीं, पुण्याच्या सायन्स कॉलेजांत इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. हिंदुस्थानांतील या जातीची ही आरंभींची सरकारी संशोधनशाळा आपल्या पुण्यांत निघाली, ही गोष्ट पुणेकरांस फारशी ठाऊक नाहीं. कारण ती येथें फार दिवस राहिली नाहीं. भरवस्तींत सांसर्गिक रोगांचें बीज बाळगणें धोक्याचें आणि थंड हवा या कामास सोयीची, म्हणून १८९३ मध्यें ती कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. १८९७ मध्यें रॉबर्ट कॉख तेथें येऊन गेले, आणि १८९९ पासून बुळकांड्यावरील रक्तरस तेथें तयार होऊं लागला. पुढें एडवर्ड्स यांनीं रोगाचें बीज बकऱ्यांतून वारंवार नेऊन सौम्य केलें व त्यापासून लस सिद्ध केली.

या प्रकरणाचा शेवट मुद्दाम सांगण्यासारखा आहे. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं सरकारनें बुळकांड्याच्या निर्मूलनाची देशव्यापी योजना हातीं घेतली, २००६ मध्यें देश त्या रोगाच्या संसर्गापासून मुक्त ठरला, आणि २०११ मध्यें सगळ्या जगांतून तो रोग नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. माणसांतील देवी रोगानंतर मनुष्यानें समूळ घालविलेला हा दुसराच रोग होय. १८८९ पासून २०११ पर्यंत एकशें बावीस वर्षें होतात. एवढ्या अवधींत राज्य बदललें, शाळेची जागा व नांव बदललें. परंतु आश्रयाचा धागा तुटला नाहीं. प्रतिवर्षीं फळ दाखवा असा उजूर कोणीं लावून धरला असता तर १८९३ सालींच ती बंद करावी लागती.

दुसरें प्रकरण मुंबईचें. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागांत प्लेग निघाला. विषूचिकेवरील लशीमुळें प्रसिद्ध झालेले वाल्देमार हाफकिन यांस सरकारनें कलकत्त्याहून बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत मिळालेल्या तोकड्या जागेंत, हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई घेऊन त्यांनीं काम आरंभिलें, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं नवी लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. मांसरसावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या खालीं लोंबणारी जंतूंची वाढ ते घेत. मांसरसाकरितां त्यांनीं बकऱ्याचेंच मांस पसंत केलें, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. लस घेणारे हिंदु व मुसलमान दोघेही होते. १८९९ मध्यें परळ येथील जुना गव्हर्नरवाडा त्यांच्या शाळेस देण्यांत आला. गव्हर्नरानें सोडलेल्या वाड्यांत जंतूंच्या कुप्या जाऊन बसाव्या, याहून राजाश्रयाचें ठळक उदाहरण कोणतें?

परंतु तीन वर्षांतच तो आश्रय कसोटीस लागला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें मेले. बाटलीवर ५३-एन असा अंक होता. दोष परळच्या शाळेंत शिरला कीं मलकोवाल येथें, एवढाच खरा प्रश्न होता. बाटली उघडतेवेळीं तिला दुर्गंधि नव्हती, आणि तिचें बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडल्यावर विस्तवांत न धरतां नुसता औषधाच्या पाण्यांत बुचकळून वापरला, हा पुरावा उपलब्ध होता. तरीही चौकशींत ठपका शाळेवर आला व हाफकिन यांस काम सोडावें लागलें. १९०७ मध्यें रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत हा पुरावा पुन्हां मांडला, तेव्हां त्यांच्यावरील किटाळ दूर झालें. पांच वर्षें एका मनुष्याची अब्रू एका चिमट्यावर टांगून राहिली. बाटलीचा अंक, तारखा व साक्षी कोणींतरी जपून लिहून ठेवल्या होत्या म्हणून न्याय झाला. असल पत्र ज्याचें त्याजजवळ राहावें, या दुसऱ्या कलमाचें महत्त्व येथें दिसतें. १९२५ मध्यें सरकारनें त्या संस्थेस हाफकिन यांचेंच नांव दिलें. १९३२ पासून १९४९ पर्यंत साहेबसिंग सोखी हे तिचे संचालक होते. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. औषधें देशांतच निर्माण झालीं पाहिजेत, आणि निर्मितीपासून संशोधन वेगळें पडतां कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. १९७५ मध्यें मात्र संशोधनाची संस्था एक व लस करणारें महामंडळ एक, अशी परळास वांटणी झाली.

तिसरें प्रकरण पिंपरीचें. आमच्या वराळ्याहून पुण्यास जातांना देहूरोडच्या पुढें पिंपरी लागते. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालकनिधि यांच्या साहाय्यानें भारत सरकारनें तेथें पेनिसिलीनचा कारखाना उभारला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही मंडळी १९५४ मध्यें नोंदली गेली व १९५५ मध्यें उत्पादन सुरू झालें. त्यापूर्वीं हें औषध परदेशांतून आणावें लागे. कारखान्यास जोडूनच संशोधनशाळा काढली, हा या योजनेचा मोठा गुण होय. तेथें तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसीन हें औषध शोधून काढलें व १९६१ मध्यें तें प्रसिद्ध केलें. ज्या सूक्ष्म जीवापासून तें मिळालें त्याचें शास्त्रीय नांव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना असें ठेविलें आहे. संस्कृत व्याकरणांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास या नांवाचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. हवेली तालुक्यांतील एका गांवाचें नांव लॅटिन प्रत्यय लावून जगाच्या जीवसूचींत कायमचें लिहिलें गेलें.

नांव राहिलें, कारखान्याचे दिवस मात्र पालटले. १९९१ नंतर आयातीचीं बंधनें सैल झालीं, परदेशी स्वस्त माल येऊं लागला, आणि १९९७ मध्यें कारखाना आजारी उद्योगांत गणला गेला. डिसेंबर २०१६ मध्यें केंद्र सरकारनें त्याची जादा जमीन विकण्याचा व हिस्सा खासगी हातीं देण्याचा निर्णय केला. जमीन सरकारनेंच दिली आणि तीच शेवटीं त्याची मोठी मत्ता ठरली, हें वाचून इनामदारांच्या घराण्यांचे उत्तरकालीन इतिहास कोणास आठवणार नाहींत?

येथें एक आक्षेप संभवतो. निर्वेध आश्रयानें आळस वाढतो; पिंपरीस संरक्षण मिळालें म्हणूनच तिची धार गेली, असें कोणी म्हणेल. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु जुन्या व्यवस्थेंतही सगळीं इनामें एका जातीचीं नव्हतीं. व्यक्तीस दिलेलें इनाम निराळें व सेवेस लावून दिलेलें निराळें. देवळांतील दिव्याचें, पाणपोईचें इनाम वंशपरंपरा चाले, परंतु दिवा लागतो कीं नाहीं हें गांव रोज पाहत असे. कायमपणा आणि देखरेख यांत विरोध नाहीं. प्रतिवर्षीं नवें पत्र मागणें ही देखरेख नव्हे. दिवा जळतो कीं नाहीं हें पाहणें ही देखरेख. बुळकांड्याच्या प्रकरणीं दोन्ही गोष्टी साधल्या. मलकोवालच्या वेळीं देखरेखीच्या नांवाखालीं आश्रयच काढून घेतला. पिंपरीस कायमपणा लाभला, परंतु दिव्यांत तेल किती उरलें हें वेळेवर कोणीं पाहिलें नाहीं.

हा विवेक अलीकडच्या व्यवस्थेस लागू आहे. १९८२ मध्यें राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ व १९८६ मध्यें केंद्रांत स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग निघाला. महाराष्ट्र सरकारनें २००१ मध्यें या विषयाचें धोरण जाहीर केलें. पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेंत नाडगौडा, परशरामी व मस्करेन्हस यांनीं कांचेच्या नळींत वाढविलेल्या बांबूस कांहीं महिन्यांतच फुलें आणलीं व तें वृत्त १९९० मध्यें नेचर पत्रांत आलें. बांबू बहुधा अनेक दशकांनीं एकदां फुलतो हें मावळांतील शेतकऱ्यासही ठाऊक आहे, म्हणून त्याचें नवल अधिक. असें काम एका अंदाजपत्रकांत बसत नाहीं. त्यामागें त्याच शाळेंतील अनेक वर्षांचा ऊतिसंवर्धनाचा अभ्यास होता. आमच्या गांवाजवळ तळेगांवच्या औद्योगिक क्षेत्रांत फुलशेतीकरितां सरकारनें भूमि राखून ठेविली आहे, तीही याच विद्येचा आधार घेते. त्याच तळेगांवीं १९०८ मध्यें, सरकारचा आश्रय नसतां, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून कांचेचा कारखाना उभा राहिला. लोकाश्रय काय करूं शकतो याचा तो दाखला आहे. परंतु ज्याचें फळ एकशें बावीस वर्षांनीं पदरांत पडतें, तें ओझें माणशीं एकेका पैशानें उचलवत नाहीं. तेथें राज्यच पाहिजे.

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंती. आपण शिवकालीन चिटोरेंही जपून ठेवतों. परंतु लस करणाऱ्या शाळांचीं दैनंदिन टिपणें, जीवबीजांच्या नोंदवह्या, पिंपरीच्या संशोधनशाळेनें १९५८ पासून काढलेल्या पत्रिकेचे अंक, निवृत्त कामगारांच्या घरीं पडलेले कागद हे अद्याप कोणाच्या दप्तरांत आलेले नाहींत. कारखान्याची जमीन विकली जाते तेव्हां कपाटें रद्दीवाल्याकडे जातात. ज्यांच्या हातीं असे कागद येतील त्यांनीं त्यांची प्रति आपल्याकडे ठेवावी आणि असल पत्र भोगवट्यास परत द्यावें. जुन्या कारकुनांनीं घालून दिलेली रीत हीच आहे.