टाका, पट्टी आणि पुन्हा टाका : गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाचा इतिहास (थ्रेड)

१/ मैदानावर पाय रोवलेला असताना शरीर वळते, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि खेळाडू कोसळतो. ‘एसीएल गेला’ हे शब्द आज क्रीडारसिकांच्या परिचयाचे आहेत. हा तुटलेला बंध सांधण्याचा इतिहास मात्र मैदानावर नव्हे, तर कोळशाच्या खाणीत सुरू होतो.

२/ गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडणारे दोन अस्थिबंध (लिगामेंट) फुलीसारखे परस्परांना छेदतात. पुढचा तो एसीएल; नडगीला पुढे सरकू न देणे हे त्याचे मुख्य काम. १८३६ मध्ये जर्मनीतील वेबर बंधूंनी मानवी चालीवरील ग्रंथात या बंधांचे कार्य उलगडले.

३/ तरीही शस्त्रक्रिया दूरच होती. सांधा उघडला की पू होई. पाय किंवा प्राण गमवावा लागे. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धती मांडली आणि ती रुळल्यावरच शल्यविशारद गुडघ्यात शिरण्याचे धाडस करू लागले.

४/ १८९५, लीड्स. खाणीतील अपघातात गुडघा निकामी झालेला ४१ वर्षांचा एक खाणकामगार आर्थर मेयो-रॉबसन यांच्याकडे आला. दोन्ही बंध तुटलेले होते. मेयो-रॉबसन यांनी ते प्राण्यांच्या आतड्यांपासून केलेल्या कॅटगट धाग्याने शिवले. पायावर उभे राहता न येणाऱ्या खाणकामगाराची मजुरीच बुडत असे. पणाला लागली होती ती त्याची उपजीविका.

५/ १९०३ मध्ये त्यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेला काही वर्षे लोटली होती; रुग्ण कामावर परतला होता आणि आपला पाय मजबूत असल्याचे सांगत होता. साधन मोलाचे, पण रुग्ण एकच आणि निर्वाळाही त्याचाच.

६/ शंका लवकरच उमटल्या. १९१६ मध्ये रॉबर्ट जोन्स यांनी असे टाके घालणे व्यर्थ ठरवले. त्यांचा भरवसा नैसर्गिक व्रणऊतीवर होता. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी तिसरी वाट धरली : मांडीच्या बाहेरील चिवट आवरणाची पट्टी हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवून नवा बंधच उभारला.

७/ तरीही टाके मागे पडले नाहीत. पुढची अनेक दशके ते घातले जात होते. निर्णायक धक्का १९७६ मध्ये बसला. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील छात्रांची शस्त्रक्रियेनंतर ५ वर्षांनी तपासणी केली असता शिवलेले बहुतेक गुडघे अस्थिर आढळले. आरंभी हेच निकाल समाधानकारक वाटले होते.

८/ कारण जीवशास्त्रात होते. इतरत्र जखमेत रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने नवी ऊती वाढते. सांध्यातील वंगणद्रव मात्र एसीएलच्या दोन टोकांमध्ये ही गुठळी टिकू देत नाही. टाका घट्ट असला, तरी भरून येण्यासाठी पूलच नसतो.

९/ मग हे ग्रोव्ह्ज यांचे तत्त्व प्रस्थापित झाले. पट्टी बदलली : गुडघ्याच्या वाटीखालची किंवा मांडीमागची कंडरा वापरली जाऊ लागली. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली होती. १९८० च्या दशकापासून एसीएलची शस्त्रक्रियाही दुर्बिणीतून होऊ लागली. त्याच दशकात गाजलेले कृत्रिम धागे मात्र झिजले, तुटले.

१०/ आणि टाका परतला. बोस्टनच्या मार्था मरे यांनी रुग्णाच्याच रक्तात भिजवलेला कोलॅजेनचा स्पंजसारखा तुकडा तुटलेल्या टोकांमध्ये बसवून बंध शिवण्याची पद्धत विकसित केली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. हरवलेली गुठळी आता बाहेरून पुरवली जाते. नव्या बंधाची उभारणी आजही प्रचलित आहेच.

११/ म्हणून हा इतिहास ‘जुने चूक, नवे बरोबर’ असा सरळ वाचता येत नाही. मेयो-रॉबसन यांच्या उपायाला उणीव होती ती गुठळीची. आणि ती उणीव उघड होण्यास लागली ती एका रुग्णाची ग्वाही नव्हे, तर अनेक गुडघ्यांकडे ५ वर्षांनी पुन्हा पाहण्याची चिकाटी.