थीब्जची फिर्याद

इसवी सनपूर्व 430 च्या उन्हाळ्यात, स्पार्टाच्या फौजा अथेन्सचा अॅटिका प्रांत उद्ध्वस्त करीत असता आणि पुढारी पेरिक्लीसच्या धोरणानुसार खेड्यापाड्यांतील रयत आपली चीजवस्तू घेऊन अथेन्सच्या तटबंदीच्या आत दाटीवाटीने राहत असता, पिरीअस बंदरात प्रथम उद्भवलेल्या साथीने थोड्याच अवधीत सारे नगर ग्रासले. शत्रूने हौदांत विष कालविल्याची आवई उठली. स्वतः त्या दुखण्यातून उठलेला इतिहासकार थ्युसिडिडीझ लिहितो की, देवळांतून प्रेते पडून राहिली आणि लोक परक्याने रचलेल्या चितेवर आपले प्रेत टाकून पळू लागले. पेरिक्लीस पुढच्याच वर्षी निवर्तला.

सॉफोक्लीसचे 'राजा इडिपस' हे नाटक या साथीनंतर काही वर्षांतच रंगभूमीवर आले असावे, असा बहुसंख्य विद्वानांचा तर्क आहे. नाटकातले रोगग्रस्त नगर मात्र अथेन्स नव्हे, थीब्ज आहे. इसवी सनपूर्व 431 मध्ये प्लाटीआवर रात्री छापा घालून या युद्धास तोंड फोडणारे, अथेन्सचे हाडवैरी थीब्ज. ही निवड केवळ पुराणकथेने लादलेली म्हणता येत नाही, कारण होमरने 'ओडिसी'त इडिपसच्या मातेची हकीकत सांगितली आहे, पण तीत साथीचे नावही नाही. शिवाय अथेन्सच्या नाटककारांपुढे फ्रिनिकसचा दाखला होता. इराण्यांनी अथेन्सशी नाते सांगणारे मिलेटस नगर जिंकल्यावर त्याने त्या नगराच्या पाडावावर नाटक रचले, तेव्हा प्रेक्षागृह रडले आणि सरकारने, घरच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल, त्यास 1,000 द्राख्मा दंड ठोठावला, असे हिरोडोटस सांगतो. आपले दुःख शत्रूच्या दारात बसलेले पाहणे प्रेक्षकांस सोसवत असावे.

पडदा नसलेल्या त्या रंगभूमीवर आरंभीच लोकर गुंडाळलेल्या डहाळ्या घेऊन म्हातारे पुरोहित आणि कोवळी मुले राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसलेली दिसतात. पीक कणसातच करपते आहे, गुरे मरताहेत, स्त्रियांची बाळंतपणे निष्फळ जाताहेत, असा त्यांचा अर्ज आहे. ज्या राजा इडिपसने पूर्वी स्फिंक्स राक्षसिणीच्या तावडीतून नगर सोडविले, त्याच्याकडेच ते येतात. रोग म्हणजे देवाने उघड केलेला विटाळ, ही ग्रीकांची जुनी धारणा. म्हणून राणीचा भाऊ क्रिऑन डेल्फीच्या देवळातून औषध आणीत नाही, तर पूर्वीच्या लायस राजाच्या खुन्यास हुडकून हद्दपार करा असा देवाचा हुकूम आणतो. तेथून नाटक कचेरीतल्या तहकिकातीसारखे चालू लागते: जाहीरनामा निघतो, साक्षीदारांच्या जबान्या होतात, म्हाताऱ्या धनगरास धमकावून बोलते करावे लागते आणि अखेर तपास करणारा अधिकारी, म्हणजे इडिपसच, आरोपी ठरतो.

माझ्या मते सॉफोक्लीसचे खरे कसब याच्या पुढे आहे. फिर्यादी नगराचा नाटकास हळूहळू विसर पडतो. एकदा राणी योकास्टा आपल्या पतीस व भावास, देश आजारी असता घरगुती भांडण काढल्याबद्दल खडसावते. त्यानंतर साथीचा उल्लेख जवळजवळ उरतच नाही. इडिपस स्वतःचे डोळे फोडून बाहेर येतो तेव्हा नगराच्या व्यथेची जागा एका माणसाच्या व्यथेने पूर्णपणे घेतलेली असते. काही टीकाकार यास रचनेतील ढिलाई समजतात. मला ते पटत नाही, कारण साथ हटल्याची द्वाही फिरविली असती तर नाटकाचे पुराण झाले असते. निकाल लागला, फिर्यादीचे काय झाले हे नोंदलेले नाही. त्या वर्षीच्या स्पर्धेत पहिले पारितोषिकही नाटककार एस्किलसचा भाचा फिलोक्लीस याने नेले, असे परंपरा सांगते.